पडल्यानंतरचा दिवस

आपल्या सीमाभागात माणूस दोन भाषांत शपथा घेतो. मराठीत तो म्हणतो, ‘दारू सोडली.’ कन्नडात म्हणतो, ‘कुडियोदु बिट्टे.’ दोन्ही भाषांत क्रियापद भूतकाळी. जणू काम झाले, हिशेब मिटला. सोडण्याच्या दिवशी दोन्हीकडे टाळ्याही मिळतात. पण सोडलेली गोष्ट सोडलेलीच ठेवायची म्हणजे काय, ती एखाद्या संध्याकाळी पुन्हा हातात आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. सणासुदीला अनेक घरांत नवे संकल्प होतात, म्हणून या अंकाच्या निमित्ताने त्या दुसऱ्या दिवसाविषयीच लिहावे असे वाटले.

मी बेळगावच्या एका ख्रिस्ती, मेथडिस्ट कुटुंबातली. मराठी शाळेत शिक्षिका म्हणून माझी नोकरी झाली. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि देवळात दोन्ही, अशी आमची रीत. वाचकांतले बहुतेक जण ख्रिस्ती नसतील. तरी ‘बाईंनी धर्माचे व्याख्यान मांडले’ असे कोणी समजू नये. आमच्या घरात श्रद्धेने काय केले आणि काय केले नाही, तेवढेच सांगते.

माझे धाकटे मामा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. हात कसबी, स्वभाव गोड, आणि शनिवारी पगार झाला की घरची वाट लांब होत जायची. कर्नाटकात २००७ साली सारायबंदी झाली. त्याआधी सारायीची प्लास्टिकची पाकिटे परवान्याच्या दुकानात उघड मिळत. मामांच्या पगाराचे पाकीट त्या पाकिटांत संपे. मामी चार घरची शिवणकामे करून दोन मुलांची पोटे भरत. मामांनी मामींवर हात उगारल्याच्या रात्रीही त्या घराने पाहिल्या आहेत. हे लपवून पुढचे लिहिले तर ते खोटे होईल.

१९९४ च्या उपवासकाळात आमच्याकडे उज्जीवन सभा भरल्या होत्या. तिसऱ्या रात्री मामा उठले, सर्वांदेखत पुढे गेले आणि गुडघे टेकले. मंडळीने स्तोत्र म्हटले, कोणी रडले. मामांना आठवडाभर दवाखान्यात ठेवावे लागले, कारण रोज पिणाऱ्याने एकदम बंद केले की हातपाय कापतात, झटकेही येतात. पाळकसाहेबांनीच डॉक्टरांना गाठले होते. प्रार्थनेने देव बरे करतो असे मानणाऱ्या माणसाने डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानू नये, हे त्यांचे मत. त्या मतामुळे मामा वाचले असे मला आजही वाटते.

पुढचे चौदा महिने घराचा चेहरा पालटला. मामा दर रविवारी पांढरा सदरा घालून पुढच्या बाकावर बसत. सभांमधून त्यांना साक्ष द्यायला उभे करीत. लोक उदाहरण देत, ‘बघा, प्रभूने काय केले!’ मामींच्या तोंडून मात्र तसा शब्द कधी निघाला नाही. त्या नुसत्या ऐकून घेत.

मग १९९५ च्या उन्हाळ्यात थोरल्या मुलीचा एसएसएलसीचा निकाल लागला. पहिला वर्ग! आमच्या कुटुंबात मुलीने पहिल्या वर्गात येण्याची ती पहिलीच वेळ. मामांचे पाय जमिनीला लागेनात. कामावरच्या सोबत्यांनी ‘पार्टी पाहिजे’ म्हणून धरले. माणूस दुःखातच घसरतो अशी आपली समजूत असते. मामा आनंदात घसरले. त्या रात्री ते घरी आले नाहीत. मुलीने पेढ्यांचा पुडा तसाच कपाटात ठेवला. ती पेढे वाटायला कोणाकडे गेली नाही. ‘मी पास झाले म्हणून बाबा प्याले,’ हे वाक्य त्या सोळा वर्षांच्या पोरीने आईला म्हटले. मामींनी ते मला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. त्या एका रात्रीनंतर मामा आणखी चार दिवस पीत राहिले. का? पुढे कितीतरी वर्षांनी ते स्वतःच बोलले, ‘पहिल्या दिवशी मी आनंदानं प्यालो. बाकीचे चार दिवस लाजेनं. वाटलं, आता गेलंच आहे तर सगळंच जाऊ दे.’

हे ‘गेलंच आहे तर’ फार घातकी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसन पुन्हा जडण्याचा अभ्यास केला आणि १९८५ साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यावर ग्रंथ काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एकदाचे घसरणे ही एक गोष्ट आणि पूर्वीच्या जगण्यात परत जाणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी होते ती बरेचदा अपराधीपणामुळे. ‘मी मुळातच नालायक’ असे माणसाने ठरवले, की सावरण्याचे कारणच उरत नाही. मामांनी हा ग्रंथ वाचलेला नव्हता. ते तो जगत होते.

पाचव्या दिवशी मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, त्यांना शोधत स्टेशनावर गेले. मामा फलाटाच्या टोकाच्या बाकावर सापडले. गार्डकाका शेजारी बसले, चहा मागवला आणि एवढेच म्हणाले, ‘बुधवारी ये.’ बुधवारी त्यांच्या घरी पाचसात पुरुषांची प्रार्थना असे. मामा म्हणाले, ‘कोणत्या तोंडानं येऊ, काका?’ काका म्हणाले, ‘ह्येच तोंड घिऊन ये की. दुसरं कुठलं हाय तुझ्याकडं?’

मामा गेले. त्या बुधवारी त्यांना कोणी साक्ष द्यायला सांगितले नाही. पाळकसाहेबांनी शुभवर्तमानातल्या दोन माणसांविषयी सांगितले, ते मामांनी मला अनेकदा ऐकवले आहे. येशूला पकडले त्याच रात्री त्याचे दोन शिष्य पडले. यहूदाने त्याला तीस नाण्यांना विकले. पेत्राने ‘मी याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगितले. दोघांनाही पुढे पस्तावा झाला. यहूदाने तर पैसे परत नेऊन दिले, आपण पाप केले हे तोंडाने कबूल केले. पण कोणापाशी? ज्या याजकांना त्याच्या जिवाशी काही देणेघेणे नव्हते त्यांच्यापाशी. त्यांनी झटकून टाकले आणि तो एकटाच निघून गेला. त्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. पेत्र ढसढसा रडला, पण तो आपल्या माणसांत परत आला. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी असल्याची बातमी आली तेव्हा तो त्यांच्यातच होता, म्हणून ती त्याच्या कानी पडली. पाळकसाहेब म्हणाले, ‘दोघांच्या पापाचं वजन करत बसू नका. पडल्यावर कोण कुठं गेला, तेवढं बघा.’

योहानाच्या शुभवर्तमानात आणखी एक बारकावा आहे. नाकारण्याच्या रात्री पेत्र अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर येशू त्याला सरोवराच्या काठी भेटतो तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी भाजते आहे. मूळ ग्रीक नव्या करारात त्या विस्तवाचा शब्द या दोनच ठिकाणी येतो. म्हणजे येशू त्याला त्याच आठवणीपाशी नेऊन बसवतो, पण आधी खाऊ घालतो. मग विचारतो. ‘पुन्हा असे करणार नाहीस ना?’ असे विचारत नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ एवढेच, नाकारणे जितक्या वेळा झाले तितक्या वेळा, तीनदा. आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळण्याचे काम देतो. वचन लिहून न घेता काम देणे, हा माणसाला उभे करण्याचा मार्ग मला फार मोठा वाटतो.

इथे मराठीतला ‘पश्चात्ताप’ हा शब्द उपयोगी पडतो. पश्चात् ताप, म्हणजे मागाहून होणारा दाह. पण नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी तो वापरला जातो, त्याचा अर्थ मन पालटणे असा आहे. नुसता दाह माणसाला चार दिवस स्टेशनवर बसवतो. मन पालटले की तो बुधवारी येतो.

मामी मात्र इतक्यात पालटल्या नाहीत, आणि त्यांनी का पालटावे? मंडळीतल्या एका वयस्क बाईंनी त्यांना समजावले, की प्रभूने सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितले आहे. मामी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, ‘माफी मी रोज देते, अक्का. पण पगाराचं पाकीट माझ्या हातात येऊ दे.’ पाळकसाहेबांनी हे ऐकले आणि मामींचीच बाजू घेतली. पुढच्या शनिवारपासून गार्डकाका फौंड्रीच्या फाटकाशी उभे राहू लागले. मामांबरोबर चालत घरापर्यंत येत, पाकीट मामींच्या हातात पडे, मग चहा घेऊन जात. जवळजवळ वर्षभर हे चालले. ‘पुन्हा हात उगारलास तर त्या घरात तू राहायचं नाहीस, मुलं आणि ती राहतील,’ हेही मामांना सर्वांसमोर सांगण्यात आले. तशी वेळ पुन्हा आली नाही. क्षमा म्हणजे बायकोने मुकाट्याने सोसणे, असा अर्थ आपल्याकडे सर्व धर्मांच्या लोकांनी सोयीने लावून घेतला आहे. तो ख्रिस्ताच्या शिकवणीतला नव्हे.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचीही गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्याच्या अंतःकरणाला श्रद्धेची ऊब लागली. हा दिवस आमच्या मंडळ्यांत आवर्जून आठवला जातो. पण त्याच वेस्लीने पुढच्या वर्षी ४ जानेवारीला आपल्या रोजनिशीत, आपण अजून ख्रिस्ती झालेलोच नाही असे नोंदले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. सात महिन्यांत ऊब कुठे गेली? पण तो थांबला नाही. १७९१ साली मरेपर्यंत हिंडत राहिला.

शिवाय त्याने एक व्यवस्था बसवली. १७४२ साली ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायचे होते. बारा-बारा जणांचे गट पाडून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची असे ठरले. गोळा करणारे घरोघर जाऊ लागले तेव्हा कळले, की कोणी बायकोशी भांडतो आहे, कोणी प्यालेला आहे. वेस्लीने ओळखले की पेनीपेक्षा ही विचारपूस मोलाची. त्यातून आठवड्याच्या छोट्या बैठका सुरू झाल्या. ‘या आठवड्यात तुझे कसे चालले आहे?’ हा प्रश्न मोठ्या सभेत विचारता येत नाही. दहाबारा माणसांत विचारता येतो. गार्डकाकांचा बुधवार त्याच जातीचा होता.

व्यसनमुक्तीसाठी जगभर चालणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेची मुळेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत आहेत. तिचा स्थापनादिन १० जून १९३५ मानतात. अमेरिकेतील अक्रन गावचे डॉक्टर बॉब स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला तो हा दिवस. त्याआधी काही आठवडे त्यांनी दारू सोडली होती. मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि तिथे पुन्हा प्याले. त्या घसरणीतून बाहेर आल्याचा दिवस तो संघटनेचा वाढदिवस झाला. पहिल्या शपथेचा दिवस कोणी साजरा करत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही बदल असाच पायरीपायरीने आला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. मधल्या काळात ताटातूट झाली, अपमान झाले, आणि एकत्र आल्यावरही सोवळे एका दिवसात गळून पडले नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आजही ताजे वाटते, कारण त्यात बदललेली माणसे पुतळ्यांसारखी उभी नाहीत. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून त्यांचा रागीट, उतावळा स्वभाव नाहीसा झाला असे लक्ष्मीबाई दाखवत नाहीत. हसत हसत सारे सांगतात. पेत्राचेही तसेच. एवढा मोठा प्रेषित झाल्यावर तो अंत्युखिया नगरात परजातीयांच्या पंगतीतून भीतीपोटी उठून वेगळा बसू लागला, आणि पौलाला त्याला तोंडावर सुनवावे लागले. पंक्तिभेद किती चिवट असतो ते आपल्याला कोणी सांगायला नको!

काही संकटे माणसाच्या चुकीने येत नाहीत, त्यांतही बदल टिकवावा लागतो. पंडिता रमाबाईंचा जन्म आपल्या कर्नाटकातलाच, १८५८ साली गंगामूळच्या रानातला. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला. आणि ज्या मनोरमेच्या हाती केडगावचे मुक्तिसदन सोपवायचे, ती लेक १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी तरी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. देवाने संकट टाळले नाही म्हणून त्याने दिलेले काम टाळायचे नसते, असेच त्यांचे आयुष्य सांगते.

मामांचीही एक शेवटची परीक्षा राहिली होती. १९९८ साली आमची आजी वारली. दफनविधी झाल्यावर रात्री मामा दिसेनात. मामींनी काही न बोलता दार उघडे ठेवले. मामा रात्रभर बाहेर राहिले, प्याले. पण पहाटे साडेपाचला ते गार्डकाकांच्या दारात उभे होते. गेल्या वेळी पाच दिवस लागले होते, या वेळी एक रात्र. मी हिशेब शिकवणारी बाई. मला ती प्रगती स्पष्ट दिसली. पडणे दोन्ही वेळा झाले, परतण्याचे अंतर मात्र घटले. त्यानंतर मामांनी २०१३ साली मरेपर्यंत थेंब घेतला नाही. त्यांना कोणी ‘किती वर्षं झाली सोडून?’ विचारले तर ते वर्षे सांगत नसत. म्हणत, ‘बुधवारी जातोय.’

वारकरी शेजाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. माळ घातली म्हणून भागत नाही. पंधरा दिवसांची एकादशी, वर्षाची वारी आणि सोबतचा दिंडीकरी, या तिन्हींच्या आधाराने माळ टिकते. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. त्यापूर्वी सर्वांनी मिळून पापाची कबुली द्यायची असते, पाळकांनीही. दर महिन्याला हे ठेवले आहे याचा अर्थच असा, की महिन्याभरात काही ना काही बिघडेल हे गृहीत आहे. बिघडणार हे माहीत असूनही ताट मांडलेले आहे, हाच मला या श्रद्धेचा गाभा वाटतो.

मामांची ती मुलगी पुढे परिचारिका झाली. तिच्या वॉर्डात असे रुग्ण अनेकदा परत परत येतात. नातेवाईक चिडून म्हणतात, ‘सिस्टर, हा सुधारणार नाही, मागच्या खेपेलाही शपथ घेतली होती.’ ती त्यांना रागवत नाही, कारण त्यांचा राग तिने घरातच पाहिला आहे. आधी जेवण आणि औषध देते, मग रुग्णाला विचारते, ‘घरी गेल्यावर रोज संध्याकाळी तुमच्याकडे कोण येईल?’ उत्तर आले नाही तर त्याच्या गावच्या देवळातले, भजनी मंडळातले, मशिदीतले किंवा चर्चमधले कोणी एक नाव मिळेपर्यंत ती त्याच्या खाटेपासून हलत नाही.

गार्डकाकांच्या घरची बुधवारची बैठक त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने चालू ठेवली आहे. प्रार्थना कन्नडात, गाणे मराठीत आणि चहा नंतर. दाराला आतून कडी लावायची नाही, हा काकांच्या वेळचा नियम अजून पाळतात.